स्टिकरवरचे वॅट आणि खरे वॅट

या वेळी गेमिंग पीसीच्या पॉवर सप्लायबद्दल इतके प्रश्न आले की बाकीचे बाजूला ठेवले. दुकानात आपण सगळे त्याला एसएमपीएस म्हणतो, म्हणून इथेही तेच.

प्रश्न : आय५-१३६००के प्रोसेसर ५.५ गिगाहर्ट्झला ओव्हरक्लॉक केलाय, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवतोय. जुनं आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड स्वस्तात मिळालं. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेला, ६५० वॅटचा. गेम रंगात आला की स्क्रीन काळी होऊन पीसी रीस्टार्ट होतो. टेंपरेचर ठीक आहे. किती वॅटचा घेऊ? (विश्रामबाग, सांगली)

किती वॅटचा ते नंतर. आधी एसएमपीएसच्या स्टिकरवरचा तक्ता वाचा. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. त्या रकान्यातल्या अँपिअरला १२ ने गुणा. तिथे ३० अँपिअर असतील, तर तुमच्या कामाचे वॅट फक्त ३६०. उरलेले ५ आणि ३.३ व्होल्टवर दाखवलेले, ज्यांना आता फारसं गिऱ्हाईक नाही. चांगल्या ६५० वॅटवाल्यावर हा आकडा ५४ अँपिअरच्या आसपास असतो.

आता हिशेब. हा प्रोसेसर इंटेलच्या आकड्यानुसार जास्तीत जास्त १८१ वॅट घेतो, तोही ५.१ गिगाहर्ट्झच्या टर्बोला, म्हणजे तो स्वतःहून गाठतो त्या सर्वोच्च वेगाला. ओव्हरक्लॉकमध्ये वॅट फ्रिक्वेन्सीच्या पटीत वाढतात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. तुम्ही व्होल्टेज कळवलेलं नाही, १.२५ वरून १.३५ केलं असं धरू. वाढ दिसायला ८ टक्के, वर्ग केला की साडेसोळा. त्यावर फ्रिक्वेन्सीचे ८. म्हणजे १८१ चे २२८ झाले. कार्डचे ३२०, पॉवर लिमिट (कार्डला किती वीज घेऊ द्यायची ती सॉफ्टवेअरमधली मर्यादा) वर सरकवलं असेल तर ३५०. मदरबोर्ड, रॅम, पंखे मिळून साठेक. बेरीज ६४० च्या घरात.

गेममध्ये दोघं एकदम पूर्ण ताकदीने क्वचितच धावतात, हे खरं. पण ३०८० ला एक खोड आहे: अगदी क्षणभर ते छापील आकड्याच्या बरंच वर उसळतं. तेवढ्यात १२ व्होल्ट खाली बसले की मदरबोर्ड रीसेट होतो. टेंपरेचर कशाला वाढेल?

खर्च करण्याआधी ओव्हरक्लॉक काढून खेळून बघा. तरी रीस्टार्ट झाला, तर कार्डचं पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा. तेव्हा थांबला तर चोर बहुतेक एसएमपीएसच. एनव्हिडिया या कार्डसाठी ७५० वॅट सांगते. तुम्ही ८५० घ्या, जमल्यास एटीएक्स ३.० किंवा ३.१ या नव्या मानकाचा. त्या मानकात १०० मायक्रोसेकंद दुप्पट भार सोसायची सोय धरलेली आहे. हजार वॅटच्या मागे लागू नका. आणि कार्डला वेगवेगळ्या केबल लावा, एकाच केबलला फुटलेली दोन टोकं नकोत.

प्रश्न : रात्री मळ्यातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज १७० वर येतं. स्टॅबिलायझर लावू का? घरात इन्व्हर्टर आहे, यूपीएस लागेल का? (कोरेगाव)

एसएमपीएसवर इनपुट ‘१००–२४०’ छापलं असेल तर १७० ला तो आरामात चालतो. करंट जास्त ओढेल, म्हणून सॉकेट ढिलं नको. स्टॅबिलायझर नको. ‘२००–२४०’ असेल तर स्टॅबिलायझरचे पैसे चांगल्या एसएमपीएसमध्ये घाला.

लाइट जाणं वेगळं. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, आणि साध्या मोडमधल्या इन्व्हर्टरला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. यूपीएस मोडचं बटण दाबलं की हा प्रश्न सुटतो, पण तुमच्याकडे दुसरा उभा राहतो: त्या मोडमध्ये बहुतेक इन्व्हर्टर साधारण १८० च्या खाली आलं की लाइट असूनही बॅटरीवर जातात. रात्रभर मोटारी चालल्या तर बॅटरीचं काय होईल ते सांगायला नको. तेव्हा पीसीला वेगळा यूपीएस घ्या, कमी व्होल्टेज स्वतः उचलून देणारा. यूपीएसवर छापलेले व्हीए म्हणजे वॅट नव्हे. ६०० व्हीएवाले बहुतेक ३६० वॅटचेच असतात.

प्रश्न : दुकानदार म्हणतो गोल्ड घ्या, लाइटबिल अर्धं होईल. खरं का? (तासगाव)

नाही. ब्राँझ, गोल्ड या एसएमपीएस किती वीज वाया घालवतो त्याच्या श्रेण्या. पीसीला ४०० वॅट लागतात आणि रोज चार तास खेळता असं धरा. ब्राँझची कार्यक्षमता ८५ टक्के, गोल्डची ९० धरली तर वर्षाला ३८ युनिट वाचतात. युनिटला १० रुपये म्हटले तरी ३८० रुपये. गोल्ड घ्यायचा तो आतला माल सहसा बरा असतो आणि वॉरंटी लांब मिळते म्हणून.

प्रश्न : जुन्या वाड्यात राहतो. अनवाणी असताना कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. एसएमपीएस बदलून आणला, तरी तेच. (शुक्रवार पेठ, सातारा)

दुकानदाराला उगाच बोल लावलात. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो. त्यात फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे छोटे कॅपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यांची किंचित गळती जमिनीत जाते. नसेल तर कॅबिनेट दोन्हींच्या मधोमध लटकतं, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास. करंट नगण्य, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण आत काही बिघडून फेज पत्र्याला चिकटली, तर हेच कॅबिनेट जीव घेईल.

जुन्या वायरिंगमध्ये सॉकेटचं तिसरं भोक पुष्कळदा शोभेचं असतं. मल्टिमीटरने मोजून घ्या: फेज-अर्थ हे फेज-न्यूट्रलएवढंच यायला हवं, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. कोणी ‘सॉकेटमध्येच न्यूट्रलला अर्थ जोडून देतो’ म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. उद्या न्यूट्रल तुटली की अख्ख्या कॅबिनेटवर २३० व्होल्ट. खड्डा खणून नीट अर्थिंग करून घ्या. तोवर चप्पल घालून खेळा असं मी सांगणार नाही. पीसी बंद ठेवा.

प्रश्न : जुन्या मॉड्युलर (केबल काढता-घालता येणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल नव्याला अगदी फिट बसतात. वापरू का? (कराड)

अजिबात नको. एसएसडीकडचं टोक सगळीकडे सारखं, पण एसएमपीएसकडच्या पिनांचा क्रम ज्याचा त्याचा. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही तो बदलतो. जिथे ५ व्होल्ट यायचे तिथे १२ येऊ शकतात. माझी एक एसएसडी अशीच गेली. बटण दाबलं, बारीकसा ‘टच्’ आवाज आला आणि करपल्याचा वास. केबल इतकी छान बसली होती की खोलून बघायचं मला अर्धा तास सुचलंही नाही. जुन्या केबल जुन्या एसएमपीएसलाच दोरीने बांधून माळ्यावर टाका.