वाचकांचे प्रश्न : रविवारची भक्ती कुणी करायची?

ख्रिस्ती मंडळ्यांतल्या, म्हणजे गावोगावच्या चर्चमधल्या, रविवारच्या भक्तीबद्दल खानदेशातून आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या मंडळीत तरुणांची वर्शिप टीम पाऊण तास गाणी घेते. वडीलधारे म्हणतात, हा नुसता गोंगाट. तरुण म्हणतात, जुन्या भजनांत जीव नाही. खरी उपासना कोणती? – एक वाचक, शिरपूर

दोन्ही बाजू गाण्यावरूनच भांडताहेत. म्हणजे गाणं हीच उपासना, हे दोघांनीही धरून ठेवलंय. घोटाळा तिथेच आहे.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात शोमरोनी (यहुद्यांहून वेगळ्या समाजातल्या) बाईचा प्रश्न याच जातीचा होता : उपासना कुठे करायची, या डोंगरावर की यरुशलेमेत? येशूने दोन्ही बाजूला ठेवलं आणि पिता ‘आत्म्याने व खरेपणाने’ उपासना करणारे शोधतो, असं सांगितलं. तिथल्या २० ते २४ या पाच वचनांत उपासनेसाठीचा मूळ ग्रीक शब्द वेगवेगळ्या रूपांत दहा वेळा येतो. त्याचा अर्थ वाकणं, दंडवत घालणं. प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात शब्द बदलतो. तो सेवाचाकरीचा शब्द आहे, आणि तिथे अर्पण करायचं ते स्वतःचं शरीर, म्हणजे सोमवार ते शनिवारचं जगणं. दोन्ही शब्दांना सूर-ताल चिकटलेला नाही.

मग गायचं कशासाठी? सगळ्या मंडळीला एका तोंडाने बोलता यावं म्हणून. त्यामुळे गीत जुनं की नवं हे बघू नका, शेवटच्या रांगेतली निरक्षर आजी गातेय का ते बघा. ती गप्प असेल तर गिटार असो की पेटी, पुढचे चौघे तिच्या वाटची भक्ती उरकताहेत. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९) भजनं टिकली ती काही केवळ जुनी म्हणून नाहीत. भजनात सांगणारा ओळ सांगतो, मंडळी ती उचलते; हातात पुस्तक लागत नाही. तरुणांनी नव्या गाण्यालाही हीच रीत लावून बघावी.

मंडळी गात नाही, याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. पट्टी उंच असते : गाणारा स्वतःच्या गळ्याला सोयीची पट्टी धरतो आणि अंतऱ्याला मंडळीचा आवाज तुटतो. अंतऱ्यातला सर्वांत वरचा सूर आधी म्हणून बघा आणि ताण जाईपर्यंत पट्टी उतरवा. दुसरं, दर रविवारी नवं गाणं. महिन्याला एकच नवं घ्या आणि ते सलग तीन रविवार म्हणा. तिसरं, आवाज. वीस बाय तीस फुटांच्या पत्र्याच्या चर्चमध्ये पन्नास माणसांना माइक लागतच नाही. लावायचाच असेल तर स्पीकर माइकच्या पुढे, तोंड मंडळीकडे करून ठेवा. मागे ठेवला की शिट्टी वाजणारच. भिंतींवर चटया किंवा जाड पडदे सोडले तर पत्र्याखालचा घुमारा बराच उतरतो.

आता वेळ. दीड तासाची भक्ती अशी बसते : आवाहन आणि पहिलं गीत दहा मिनिटं, पापांगीकार (पापांची कबुली) पाच, जुन्या आणि नव्या करारातला एकेक पाठ दहा, गीतं दहा, उपदेश पंचवीस, इतरांसाठी प्रार्थना दहा, अर्पण पाच, प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी) असेल तर त्याला पंधरा. प्रभूची प्रार्थना आणि आशीर्वचन यांतच बसवून नव्वद मिनिटं भरतात. गाणी लांबली की सगळ्यात आधी शास्त्रपाठ कापला जातो, मग इतरांसाठीची प्रार्थना. गावातले आजारी, पाऊस, तुरुंगातली माणसं, राज्य चालवणारे, हे सगळं त्याच दहा मिनिटांत असतं, आणि तेच जातं. पापांगीकारात पूर्ण एक मिनिट शांतता ठेवा. विसाव्या सेकंदाला खोकले सुरू होतात. होऊ द्या, पेटी वाजवून ती जागा भरू नका.

प्रश्न : दिवाळीनंतर आमच्या पाड्यावरची निम्मी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. तिकडे पाळक नाही, चर्च नाही. त्यांनी काय करावं? – एक वाचक, नवापूर तालुका

दोघे-तिघे प्रभूच्या नावाने जमले की पुरे, हे मत्तयाच्या १८व्या अध्यायात आहेच. अडचण असते ती वेळेची. तोडीला रविवार नसतो आणि गाडी भरायला रात्री-अपरात्रीही जावं लागतं, म्हणून वार धरून बसू नका. टोळीला ज्या संध्याकाळी सवड असेल, त्या संध्याकाळी पडावावर अर्धा तास पुरतो. एक भजन, एक अध्याय, त्यावर प्रत्येकाचं एकेक वाक्य, मग नाव घेऊन एकमेकांसाठी प्रार्थना. मार्कच्या शुभवर्तमानात १६ अध्याय आहेत. आठवड्याला एक वाचला तर बराचसा हंगाम निघतो. वाचणारा कोण, हे निघण्याआधी ठरवा आणि त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. अडखळत वाचलेला अध्याय दमलेल्या माणसाच्या कानात शिरत नाही.

प्रार्थना मावचीत, अहिराणीत, जी चुलीपाशी बोलता तिच्यात करा. पुस्तकी मराठी बोलल्याशिवाय देव ऐकत नाही अशी भीती कुणी घातली असेल तर ती काढून टाका. ‘देवबापा, आमले माफ कर’ एवढं पुरे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १४व्या अध्यायात पौल विचारतो की ज्याला बोलणं कळलंच नाही, तो त्यावर आमेन कसा म्हणेल? प्रभुभोजन तिथे द्यायचं की नाही, हे मात्र आपल्या पाळकाला विचारूनच ठरवा. पंथापंथात नियम वेगळे आहेत. मागे राहिलेल्या मंडळीने दर रविवारी गेलेल्यांची नावं वाचावीत. उपस्थिती घटली म्हणून हळहळण्यापेक्षा ते उपयोगाचं.

प्रश्न : प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घरी करायचा आहे, माणसं साधारण ८०. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी चालेल का? – एक भगिनी, यावल

कॅथलिक नियमात भाकर निव्वळ गव्हाची आणि द्राक्षाची वाइनच लागते. प्रोटेस्टंट मंडळ्यांत एकच नियम नाही, पण सगळ्यांना चालेल अशी म्हणून गव्हाचीच करा. कळण्याची ठेचा-तेलाबरोबर खा.

पाव किलो कणीक, दोन चमचे तेल, मीठ नाही, घट्ट भिजेल एवढंच कोमट पाणी. वीस मिनिटं झाकून ठेवा. पाच गोळे करून पातळ लाटा. सुरीने हलक्या रेघा मारून प्रत्येकीचे वीस चौकोन आखा आणि काट्याने टोचा. टोचलं नाही तर पोळीसारखी फुगते आणि नीट मोडत नाही. मंद आचेवर भाजा. कच्ची राहिली तर चामट होते, जास्त भाजली तर ताटात चुरा पडतो. एक अखंड ठेवा, ती मेजापाशी मोडायला.

रसासाठी ४०० ग्रॅम काळे मनुके दीड लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी त्याच पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळा, घोटा, फडक्यातून दोनदा गाळा. लिटरभर निघतो. माणशी दहा मिली धरले तर ८०० मिली लागतात. भांडं स्टीलचं घ्या, आंबट रस ॲल्युमिनियमला लागतो. मे महिन्यात मनुके माठाशेजारी गार जागी भिजवा, नाहीतर सकाळी फेस आलेला दिसेल.

पौलाने ज्यांना पत्र लिहिलं त्या करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाचं बिघडलं होतं ते पाककृतीत नव्हे. ज्यांच्याकडे होतं ते आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. म्हणून वाटपाची सुरुवात कधी मागच्या रांगेपासूनही करा.

प्रश्न : कापणीच्या सणाला अर्पणातल्या धान्याचा आणि केळीच्या घडांचा लिलाव होतो. बोली चढते, नावं पुकारतात. हे बरोबर का? – एक वाचक, रावेर

पैसा जमतो, हे खरं. पण शुभवर्तमानातली, जवळची दोनच नाणी अर्पण करणारी गरीब विधवा त्या बोलीत कुठे उभी राहील? बाजारभावाने विक्री लावा, नाव पुकारू नका. पैसे दोघांनी मोजावेत, वहीत दोघांच्या सह्या असाव्यात, आणि एकूण रक्कम पुढच्या रविवारी मंडळीला सांगावी.

प्रश्न : बांधावरून भावकीतल्या एकाशी वाद आहे. तोही याच चर्चमध्ये येतो. मी प्रभुभोजन घ्यावं का? – एक वाचक, अमळनेर

मत्तय ५:२३–२४ मध्ये क्रम दिला आहे : अर्पण तिथेच ठेव, आधी भावाकडे जा, मग ये. शनिवारी संध्याकाळी त्याच्या घरी जा. चर्चच्या आवारात, चार माणसांसमोर हा विषय काढू नका. आपलं जे चुकलं तेच आधी बोला आणि ‘पण’ लावू नका. बांध कुठे, हे त्या बैठकीत ठरणार नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, जमलं तर दोघांच्या संमतीने. क्षमा केली म्हणून मोजणी सोडावी लागत नाही, आणि मोजणी चालू आहे म्हणून बोलणं बंद ठेवायचं कारण नाही. तो दारातूनच परत लावील, असंही होईल. तरीही रविवारी प्रभुभोजनाच्या मेजापाशी जा.