'सेट' या इंग्रजी शब्दाचे ४३० अर्थ आहेत म्हणतात. स्पर्धा परीक्षेसाठी ते पाठ कसे करावेत?

पाठ करूच नका. आकडा खरा आहे, पण तो तुमच्या कामाचा नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या २० खंडी आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ दिले होते. पुढे सुधारित नोंदींत 'रन' ६४५ अर्थांवर गेला. शेकडो वर्षांच्या लिखाणातली प्रत्येक छटा, वापरातून गेलेलीसुद्धा, टिपून ठेवणं हे कोशकाराचं काम.

याच शब्दावरून माझं एका क्लासच्या मालकांशी वाजलं होतं, म्हणून लिहितेय. भोसरीत मी संध्याकाळच्या बॅचला इंग्रजी शिकवायचे. बहुतेक मुलं आयटीआय झालेली, पहिली शिफ्ट संपवून यायची. सरांनी 'सेट'ची छापील यादी वाटली: ठेवणे, मांडणे, ठरवणे, मावळणे, घट्ट होणे, अशी पानभर. दर आठवड्याला चाचणी. मुलं घडाघडा म्हणायची आणि तोच शब्द उताऱ्यात आला की गप्प.

एके दिवशी मी यादी मिटायला लावली आणि विचारलं, तुमच्यात सेटर कोण आहे? मागच्या बाकावरून हात वर आला. सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या मशीनवर, होता. म्हणाला, "मॅडम, जॉब (घडवायचा तुकडा) बदलला की चकमध्ये (मशीनच्या पकडीत) नवा जॉब बसवायचा, टूल बसवायचं, ऑफसेट (टूलच्या मापातला फरक) द्यायचा, पहिला पीस मोजायचा आणि मग मशीन ऑपरेटरच्या हवाली." दुसऱ्याचे वडील सेंटरिंगच्या कामावर. तो म्हणाला, सिमेंट सेट व्हायला लागायच्या आत माल टाकून झाला पाहिजे. मग सगळेच बोलायला लागले. खेळपट्टीवर सेट झालेला बॅट्समन आला, घड्याळाचा गजर आला. फळा भरला. खाली मी एकच शब्द लिहिला: बसवणे.

ही काही माझी युक्ती नाही. जुन्या इंग्रजीत 'सेट' हे 'सिट'चंच प्रयोजक रूप, आपल्या बसणे-बसवणेसारखं. अंगठीत खडा बसवतात, मोडलेलं हाड बसवतात, दोन्हीकडे इंग्रजीत 'सेट'च. सूर्य आपल्याकडे मावळतो, त्यांच्याकडे खाली बसतो. हे एकदा कळलं की यादीतले निम्मे अर्थ पाठ करावेच लागत नाहीत.

सरांना हे पटलं नाही. "ही कारखान्यातली इंग्रजी, पेपरातली नव्हे," असं मुलांसमोर म्हणाले. मला ते तेव्हाही चुकीचं वाटलं, आजही वाटतं. त्या मुलांना शब्द येत होता. येत नाही असं त्यांना शिकवलं जात होतं.

एक मात्र आहे. टी-सेट किंवा गणितातला संच, म्हणजे समूह या अर्थाचा 'सेट', मुळात वेगळा. तो लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे आला, तिथे 'बसवणे' लावायला जाऊ नका. आणि 'सेट इन', 'सेट ऑफ', 'सेट आउट', 'सेट अप' वगैरे परीक्षेत हमखास येतात, ते वेगळे, वाक्यांसकट करावे लागतील. तिथे कष्टाला पर्याय नाही.

तुमच्या क्लासनेही अशी यादी हातात दिली असेल, तर प्रत्येक अर्थाचं एकेक वाक्य मागून घ्या. आमच्या सरांकडे मी मागितलं होतं, शेवटपर्यंत मिळालं नाही.