वडिलांची नाणी कपाटात आहेत, कागदावर नाहीत

प्रश्न : माझ्या वडिलांनी हयातभर जुनी नाणी जमवली. राणीछाप, एडवर्ड आणि पंचम जॉर्जचे चांदीचे रुपये, काही शिवराया (शिवकालापासूनची तांब्याची नाणी), शिवाय घरातली चांदीची भांडी. दोन वर्षांपूर्वी ते गेले, मृत्युपत्र नाही. मागे आई, मी आणि लग्न झालेली बहीण. सगळं माझ्याकडे लोखंडी कपाटात असतं. गेल्या महिन्यात घराला रंग दिला, त्यानंतर पाहिलं तर चौदा चांदीचे रुपये आणि आईचं फुलपात्र नाही. कुलूप शाबूत आहे. पोलिसांनी ‘जुनी नाणी, किंमत अंदाजे दोन हजार’ असं लिहून एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) हातात दिली. चुलते म्हणतात, बोभाटा करू नकोस, जुनी नाणी सरकार जप्त करतं. बहिणीला माझाच संशय येतोय. परदेशातला तिचा मुलगा आठवण म्हणून चार नाणी मागतोय. उरलेलं घरात कसं सांभाळू?

उत्तर : आधी चुलत्यांची भीती बाजूला ठेवा, कारण तिच्यामुळेच तुम्ही पोलिसांपुढे मोकळेपणाने बोलला नसाल असं मला वाटतं. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम 1972 प्रमाणे शंभर वर्षं पूर्ण झालेलं कोणतंही नाणं ‘पुरावस्तू’ ठरतं. चलनासाठीचे चांदीचे रुपये 1922 नंतर बराच काळ पाडलेच गेले नाहीत, त्यामुळे तुमच्याकडचे सगळे राणीछाप, एडवर्डचे आणि जॉर्जचे जवळजवळ सगळे रुपये आता या व्याख्येत बसतात. शिवराया तर बसतातच. पण पुरावस्तू बाळगणं हा गुन्हा नाही. मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या, कोरीव लाकूडकाम अशा ठरावीक वस्तूंची नोंदणी सक्तीची आहे. नाणी त्या यादीत नाहीत. परवाना लागतो तो पुरावस्तूंच्या खरेदी-विक्रीचा धंदा करणाऱ्याला. वडिलांचा संग्रह घरात ठेवणाऱ्या मुलाला कसलाच परवाना लागत नाही. जमिनीत किंवा वाड्याच्या भिंतीत सापडलेलं धन मात्र वेगळं. त्याला 1878 चा निखात निधीचा, म्हणजे गुप्तधनाचा, कायदा लागतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. विकत घेतलेल्या किंवा वारशाने आलेल्या नाण्यांशी त्याचा संबंध नाही.

आता पोलिसांकडे वळू. इथे घाई करा. भारतीय न्याय संहितेत पाच हजारांच्या आतली साधी चोरी अदखलपात्र आहे, आणि अदखलपात्र प्रकरणात मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. ‘अंदाजे दोन हजार’ या तीन-चार शब्दांनी तुमचा तपास थांबवला आहे. हे दोन बाजूंनी चुकीचं आहे. पहिली बाजू हिशेबाची. त्या काळचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा, आणि त्यात 91.7 टक्के चांदी. चौदा रुपयांत जवळजवळ 150 ग्रॅम शुद्ध चांदी भरते. संग्राहकाचा भाव सोडा, नुसत्या चांदीच्या भावानेच पाच हजारांची मर्यादा ओलांडली जाते. दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. राहत्या घरातल्या चोरीला त्याच संहितेचं कलम 305 लागतं. तिथे किमतीची अट नाही, शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे. कुलूप तुटलं नाही म्हणून चोरी झाली नाही असंही होत नाही.

तेव्हा नव्याने लेखी फिर्याद घेऊन जा. त्यात प्रत्येक गेलेल्या नाण्याचं आठवेल तेवढं वर्णन, एका नाण्याचं वजन, वरचा चांदीचा हिशेब आणि कलम 305 चा उल्लेख असू द्या. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर गुन्हा नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात 2013 मध्येच स्पष्ट केलं आहे. तरीही नाकारलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे तीच फिर्याद पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा, पोच जपून ठेवा, आणि त्यानंतर वकिलामार्फत मॅजिस्ट्रेटकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करा. गुन्हा दाखल झाला की त्याची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळाली पाहिजे.

रंगाऱ्यांबद्दल एक कळकळीची विनंती. ते घरात होते, त्या दिवसांत कपाट भिंतीपासून सरकवलं होतं, किल्ली अमुक ठिकाणी होती, एवढंच लिहा. डोळ्यांनी पाहिलं नसेल तर ‘यानेच चोरली’ असं लिहू नका. रोजंदारीवरच्या माणसाला नुसत्या संशयावरून ठाण्यात बसावं लागतं तेव्हा त्याचा रोज बुडतो, नाव जातं, आणि खोटं ठरलं तर तुमची फिर्यादही लंगडी पडते.

गेलेल्या नाण्यांचे फोटो नाहीत असं तुमच्या पत्रावरून दिसतं. लक्ष्मीपूजनाचे जुने फोटो काढून बघा. बऱ्याच घरांत हे रुपये पाटावर मांडलेले असतात, आणि फोटो मोठा करून पाहिला तर छाप ओळखू येते. वडिलांची वही, विक्रेत्यांच्या पावत्या, लिलावाच्या जुन्या पुस्तिकेत त्यांनी केलेल्या खुणा हाही पुरावाच. फुलपात्रावर नाव घातलेलं होतं का, ते आईंना विचारा. लग्नात मिळालेल्या भांड्यावर नाव आणि तारीख कोरलेली असते. ती अक्षरं जशीच्या तशी फिर्यादीत उतरवा. ते भांडं आईंचं स्त्रीधन आहे, वडिलांच्या मिळकतीचा भाग नाही, म्हणून त्याबद्दलचा जबाब आईंनीच द्यावा. माल सापडला तर तो खटला संपेपर्यंत मुद्देमाल कक्षात पडून राहण्याची गरज नाही. पंचनामा, फोटो आणि हमीपत्र घेऊन मौल्यवान वस्तू मालकाला लवकर परत द्याव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितलं आहे. मात्र ती वस्तू तुमचीच हे दाखवता आलं पाहिजे.

बहिणीचा प्रश्न मला चोरीपेक्षा नाजूक वाटतो. मृत्युपत्र नसल्याने हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 8 प्रमाणे आई, तुम्ही आणि बहीण यांचा वडिलांच्या संग्रहात प्रत्येकी एक तृतीयांश वाटा आहे. बहिणीचं लग्न झालं म्हणून तो कमी होत नाही आणि कपाट तुमच्या खोलीत आहे म्हणून तुमचा वाढत नाही. तुम्ही तिघांची वस्तू सांभाळता आहात. अशा माणसाकडे यादी नसेल तर त्याच्यावर संशय येणारच. त्यात बहिणीचा दोष मला दिसत नाही. तिला घरी बोलवा, आईंसमोर कपाट उघडा आणि उरलेलं सगळं तिघांनी मिळून मोजा. यादीवर तिघांच्या सह्या, दोन साक्षीदार. संग्रह फोडायचा नसेल तर ‘ताबा अमुककडे, मालकी तिघांची समान, तिघांच्या लेखी संमतीशिवाय विक्री नाही’ असं त्याच कागदावर लिहा. नाणी-भांडी ही जंगम मालमत्ता असल्याने या कागदाची नोंदणी सक्तीची नाही. मुद्रांकाचं तेवढं स्थानिक वकिलाला विचारा. हा कागद झाल्याखेरीज एकही नाणं विकू नका किंवा कोणाला देऊ नका.

यादी कशी करायची ते जरा सविस्तर सांगतो, कारण घरातल्या संग्रहाचं खरं संरक्षण तीच आहे. ‘जॉर्ज रुपये, बारा नग’ असं लिहिलं तर न्यायालयात त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. प्रत्येक नाण्याला क्रमांक द्या आणि साल लिहाच. 1911 च्या जॉर्ज रुपयावर बादशहाच्या अंगरख्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि 1912 पासून ठसा बदलला. राजा तोच, पण संग्राहकाच्या लेखी ती दोन वेगळी नाणी. तसंच जॉर्जच्या रुपयाच्या मागच्या बाजूला, तळाच्या फुलाखाली बारीक ठिपका असेल तर ते मुंबई टांकसाळीचं. साल, टांकसाळ, ग्रॅममध्ये दोन दशांशापर्यंत वजन, आणि मुख्य म्हणजे त्या एका नाण्याचे दोष : कडेचा ओरखडा, सराफाने पारखताना मारलेला टाचा, दागिन्यासाठी लावलेल्या कडीची खूण. हजारांत आपला रुपया ओळखू येतो तो या दोषांमुळे. म्हणून फोटो काढण्याआधी नाणी चिंचेने किंवा पावडरीने घासू नका, नंतरही नको. घासलं की ओळखही जाते आणि मोलही.

फोटो दोन्ही बाजूंचे, शेजारी मोजपट्टी ठेवून. मूळ फाइल मूळ फोनवर किंवा कार्डवर तशीच राहू द्या. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत म्हणजे मूळ नव्हे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे असे फोटो दाखल करताना प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्यही (फाइलवरून संगणकाने काढलेला, तिची ओळख पटवणारा आकडा) नमूद करावं लागतं, ते मूळ फाइलवरून देणं सोपं जातं. यादीची एक प्रत बहिणीकडे राहू द्या. कपाटात ठेवलेली यादी नाण्यांबरोबरच जाते.

तिजोरी भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने पक्की केलेली घ्या, आणि घरात कारागीर येणार असतील तेव्हा संग्रह तेवढ्या दिवसांपुरता बँकेच्या लॉकरमध्ये हलवा. विमा घेताना मात्र सावध राहा. ‘घरफोडी’च्या विम्यात बळाचा वापर करून आत शिरणं अपेक्षित असतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये हरचंद राय प्रकरणात मान्य केलं आहे. तुमच्यासारखी कुलूप न तोडता झालेली चोरी त्यात बसत नाही. साध्या चोरीचं संरक्षण आहे का, आणि नाणी-चांदीचा मौल्यवान वस्तू म्हणून आकड्यासह वेगळा उल्लेख आहे का, हे पॉलिसीत वाचून मगच हप्ता भरा.

भाच्याला शंभरी ओलांडलेली नाणी पाठवू नका, त्याच्या बॅगेतही घालू नका. पुरावस्तू देशाबाहेर नेण्याची खासगी माणसाला मनाई आहे. किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद आणि वर दंड. आठवण भेट म्हणून दिली होती हा बचाव चालत नाही. वडिलांच्या संग्रहात सहाव्या जॉर्जचे, 1940 च्या दशकातले रुपये असतील तर ते अजून शंभरीच्या आत आहेत. तिघांची संमती झाल्यावर त्यातलं एखादं देता येईल, पण त्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ‘ही पुरावस्तू नाही’ असा दाखला घ्या आणि विमानतळावर तो नाण्यासोबत त्याच्या हातात असू द्या.