गच्चीवरील लोखंडी खुर्च्यांवरून उठताना झटका बसतो. त्यांना अर्थिंग करून घ्यावे का?

तुम्ही लातूरहून विचारले आहे की हिवाळा सुरू झाल्यापासून गच्चीवरील लोखंडी खुर्च्यांवरून उठताना बोटांना झटका बसतो, मुले आता त्यांवर बसायला तयार नाहीत, आणि शेजाऱ्यांनी खुर्च्यांना अर्थिंगची, म्हणजे वीज जमिनीत उतरवणारी, तार जोडून घेण्याचा सल्ला दिला आहे. तो सल्ला कृपा करून लगेच अमलात आणू नका. अगदी अशाच सल्ल्यामुळे २०१३ च्या एप्रिलमध्ये परभणीतील आमच्या घरी माझ्या सासूबाई मरता मरता वाचल्या.

मी एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. त्या एप्रिलच्या आधीच्या दिवाळीत माझ्या थोरल्या दिरांनी गच्चीसाठी लोखंडी झोपाळा आणला. त्यावर पावडर कोटिंगचा रंग होता, पायांना रबराचे बूच होते आणि बैठकीवर पॉलिस्टरच्या कापडाची फोमची गादी होती. डिसेंबर लागला, हवा कोरडी झाली आणि मुलांच्या तक्रारी सुरू झाल्या. झोपाळ्यावरून उठून गच्चीच्या लोखंडी कठड्याला किंवा झोपाळ्याच्या साखळीला हात लावला की चटकन झटका बसे, आणि अंधारात तर बारीक ठिणगीही दिसे. भावजींनी निदान केले की झोपाळ्यात करंट उतरतो आहे.

मी त्यांना सांगितले की हा घरातील विजेचा प्रकार नव्हे. घरातील वीज उतरली असती तर झोपाळ्याला जितक्या वेळा हात लावू तितक्या वेळा आणि हात असेल तोवर मुंग्या आल्या असत्या. येथे एकदा चटका बसला की लगेच पुन्हा हात लावल्यास काहीच होत नाही, कारण अंगावर साठलेला विद्युत भार, म्हणजे स्थिर वीज, पहिल्या ठिणगीतच निघून गेलेला असतो. एवढ्यावर कोणाचे समाधान झाले नाही, म्हणून मी सगळ्यांदेखत घराचा मेन स्विच बंद केला, पुतण्याला गादीवर दोन मिनिटे चुळबुळ करायला लावले आणि उठून कठड्याला बोट लावायला सांगितले. घरात कोठेही वीज नसताना ठिणगी पडली. मला वाटले, यापुढे वादाला जागा उरली नाही. परंतु भावजी म्हणाले की शाळेतले प्रयोग शाळेत ठीक आहेत, घरातली लाइन वेगळी असते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी वायरमन बोलावला, गच्चीवरील दिव्याच्या बोर्डातील अर्थिंगची तार वाढवून घेतली आणि ती झोपाळ्याच्या पायाला रंग खरवडून नटबोल्टने आवळून टाकली.

झटके थांबले नाहीत, आणि ते थांबणार नव्हतेच. भार झोपाळ्याच्या लोखंडात साठत नाही. तो बसणाऱ्याच्या अंगावर आणि गादीच्या कापडावर साठतो. दोन भिन्न पदार्थ एकमेकांना टेकून, घासून वेगळे झाले की एकावर धन आणि दुसऱ्यावर ऋण भार राहतो. पॉलिस्टर, पीव्हीसी आणि खुर्च्यांचे नेहमीचे प्लास्टिक यांचा कल ऋण भार घेण्याकडे असतो, तर लोकर, नायलॉन आणि माणसाची त्वचा यांचा कल धन भाराकडे असतो. म्हणूनच लोकरीचा स्वेटर घालून पॉलिस्टरच्या गादीवर बसणे ही फार वाईट जोडी आहे. बसलेले असताना फारसे काही जाणवत नाही, कारण दोन्ही भार एकमेकांजवळ असतात. आपण उठतो तेव्हा ते दूर होतात आणि अंगावरील विजेचा दाब एकदम काही हजार व्होल्टपर्यंत चढतो. पायांत रबरी किंवा प्लास्टिकची चप्पल असल्यामुळे तो भार जमिनीत जाऊ शकत नाही, आणि पहिल्या उघड्या धातूला बोट जवळ नेताच तो हवेतून उडी मारतो. साधारण तीन हजार व्होल्टच्या खाली तर हा झटका आपल्याला कळतही नाही. आकडा मोठा वाटला तरी साठलेली ऊर्जा अत्यल्प असते आणि ती क्षणार्धात संपते. बोट दुखते, इजा होत नाही. उलट घरातील वीज २३० व्होल्टचीच असली तरी ती थांबत नाही, हात धरून ठेवते. माझे भांडण याच फरकासाठी होते.

त्या एप्रिलमध्ये उन्हाचा कडाका होता. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून अंथरुणे टाकण्याची आमच्याकडे पद्धत आहे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अनवाणी पायांनी ओल्या गच्चीवरून झोपाळ्यापाशी गेल्या, त्यांनी साखळी धरली आणि त्यांचा हात सुटेना. माझे यजमान तेव्हा जिन्यात होते. त्यांनी आरडाओरडा ऐकताच धावत खाली जाऊन मेन स्विच पाडला. आत्याबाई दोन दिवस दवाखान्यात होत्या. त्यांच्या तळहातावरचा डाग शेवटपर्यंत गेला नाही.

चौकशीत निघाले ते असे. खालच्या खोलीच्या खिडकीतील कुलरच्या पंपाच्या वायरचे आवरण सोलले गेले होते आणि फेज, म्हणजे वीज वाहणारी तार, कुलरच्या पत्र्याला टेकला होता. कुलरचा पत्रा तीन पिनांच्या प्लगमधून घराच्या अर्थिंगला जोडलेला होता, आणि ते अर्थिंग धड असते तर मोठा प्रवाह जमिनीत जाऊन फ्यूज उडाला असता. परंतु आमच्या अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ भरून दहा वर्षे झाली होती आणि त्यात कोणी पाण्याचा तांब्याही ओतला नव्हता. आपल्या मराठवाड्याची काळी माती उन्हाळ्यात आटते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पुरलेल्या पट्टीपासून ती सुटते. अशा वेळी अर्थिंगची तार जमिनीला जोडलेली राहत नाही. ती घरातील सर्व उपकरणांचे पत्रे एकमेकांना जोडणारी तार एवढीच उरते, आणि त्यांपैकी एकात दोष निर्माण झाला की तो सगळ्यांत पोहोचतो. कुलर लाकडी घोडीवर खिडकीबाहेर होता, त्याला ओल्या अंगाने कोणी हात लावत नव्हते. झोपाळ्याला मात्र घरातला प्रत्येक जण हात लावत होता.

भावजी पुढे अनेक वर्षे सांगत राहिले की दोष कुलरचा होता, त्यात तारेचा काय संबंध. कुलरमध्ये दोष होता हे मी कधीच नाकारले नाही. परंतु खालच्या मजल्यावरील कुलरमधील दोष गच्चीवरील झोपाळ्यापर्यंत आपोआप चढत नाही. तो ज्या तारेने चढला ती आपण बांधली होती, आणि ज्या झटक्यांसाठी बांधली होती त्यांच्यासाठी तिचा काडीचा उपयोग नव्हता. हे मी त्यांना तेव्हाही सांगितले होते, आजही सांगते, आणि तुम्ही विचारलेत म्हणून येथे लिहूनही ठेवते.

झोपाळ्याचे झटके शेवटी तारेने थांबले नाहीत, वाकळीने थांबले. मी पॉलिस्टरची खोळ काढून टाकली आणि आत्याबाईंच्या जुन्या सुती लुगड्यांची दुपदरी वाकळ शिवून गादीवर घट्ट बांधली. सुती धागा हवेतील ओलावा धरून ठेवतो. नेहमीच्या हवेत त्याच्या वजनाच्या सुमारे आठ टक्के पाणी त्यात असते, तर पॉलिस्टरमध्ये ते अर्धा टक्काही नसते. त्या ओलाव्यामुळे भार एका जागी साठत नाही, हळूहळू वाहून जातो. पुढच्या हिवाळ्यात मुलांची एकही तक्रार आली नाही. तुमच्या खुर्च्यांवर गाद्या असतील तर प्रथम हेच करा. सोलापुरी सुती चादर चौघडी करून अंथरली तरी चालेल. नायलॉनच्या पट्टीने विणलेल्या बाजेलाही हाच उपाय लागू पडतो.

त्याच्या जोडीला गच्चीवर अनवाणी बसावे. फरशी किंवा सिमेंटचा कोबा हा रबराइतका विजेला अडवत नाही, आणि उघड्या तळपायांतून भार निर्माण होता होताच उतरत राहतो. चप्पल सोडायची नसेल तर उठण्यापूर्वी भिंतीला किंवा कठड्याच्या रंग नसलेल्या भागाला पूर्ण तळवा टेकवावा आणि तो तसाच ठेवून उभे राहावे. खुर्चीचाच दांडा धरून उठण्याचा उपयोग कमी होतो, कारण पावडर कोटिंगचा रंग आणि पायांखालचे बूच यांमुळे ती खुर्ची स्वतःच जमिनीपासून तुटलेली असते. बोटाला फारच त्रास होत असेल तर हातात किल्ली धरून तिने कठड्याला स्पर्श करावा. ठिणगी किल्लीच्या टोकावर पडते आणि बोटाला टोचत नाही. कपडे मऊ करण्याचे द्रावण पाण्यात मिसळून गादीवर शिंपडण्याचा उपायही खरा आहे, परंतु तो पुढच्या धुण्यापर्यंतच टिकतो. गच्चीवर पाणी मारल्याने आसपासची हवा आणि जमीन दोन्ही ओलसर होतात, म्हणून त्याचाही उपयोग होतो. मात्र ओल्या गच्चीवर विजेची कोणतीही तार लोळत असता कामा नये.

काही गोष्टी न्यायाने सांगितल्या पाहिजेत. अर्थिंग ही वाईट गोष्ट आहे असे माझे म्हणणे नाही. कुलर, फ्रिज, पाण्याची मोटर यांना ते अत्यावश्यक आहे, आणि चांगल्या अर्थिंगला जोडलेली खुर्ची स्वतः कोणाला मारत नाही. तसेच आमच्या हवेत मार्च ते मे दुपारी कोरडेपणा इतका असतो की सुती कापडही वाळून जाते, तेव्हा वाकळीवर संध्याकाळी पाण्याचा हबका मारावा लागतो. आणि एक धोका खरा आहे: जनरेटरचे पेट्रोल गच्चीवर ठेवत असाल तर ते तेथून हलवा, कारण पेट्रोलच्या वाफेला पेटायला या ठिणगीइतकीही ऊर्जा लागत नाही.

मात्र या सगळ्याआधी तुमचा झटका माझ्याच झोपाळ्यासारखा आहे ना, हे ठरवले पाहिजे. तो फक्त उठतानाच बसतो का, एकदाच बसतो का, कोरड्या दिवसांतच बसतो का आणि मेन बंद असतानाही बसतो का, हे पाहा. चारही उत्तरे होय अशी असतील तर निर्धास्तपणे वाकळ शिवायला घ्या. मुंग्या येत राहत असतील, किंवा गच्ची ओली असताना झटका वाढत असेल, तर खुर्चीला पुन्हा हात लावून खात्री करत बसू नका. मेन पाडा आणि परवानाधारक वायरमनकडून वायरिंग तपासून घ्या. त्याच्याकडून तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या आणि तिच्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा स्वतः दाबून पाहा. आमच्या घरी ती त्या मे महिन्यात बसली. अर्थिंगच्या खड्ड्यात दर उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी मी स्वतः ओतते, आणि झोपाळ्याच्या पायाला पुन्हा कोणी तार बांधलेली नाही.