वाचकांचे प्रश्न : रेप (व्यायामाची एक पूर्ण आवृत्ती) द्यायचा की कापायचा?

प्रश्न : हौशी फिटनेस स्पर्धेत मी पहिल्यांदाच जज म्हणून उभा राहणार आहे. स्क्वॉट पुरेसा खाली गेला की नाही, याबद्दल शंका आली तर काय करावं? रेप द्यावा, म्हणजे मोजावा, की ‘नो रेप’ म्हणून नाकारावा?

उत्तर : आधी शंका कसली आहे ते ओळखा. तुम्हाला नीट दिसलंच नसेल, तर चूक तुमच्या उभं राहण्याच्या जागेची आहे. तिची शिक्षा स्पर्धकाला देऊ नका. तो रेप द्या आणि लगेच जागा बदला. पण स्वच्छ दिसलं, आणि जांघेतली घडी गुडघ्याच्या वरच्या टोकाबरोबर येऊन थांबली, तर नियम ‘गुडघ्याच्या खाली’ असा असताना तो रेप होत नाही. स्पर्धक किती दमला आहे, शेवटचा आला आहे का, प्रेक्षक ओरडताहेत का, याचा इथे काहीही संबंध नाही. शेजारच्या लेनमधला स्पर्धक तितकाच दमलेला असून पूर्ण खाली जातो आहे.

जागा ठरवताना बरेच नवे जज फसतात. उभं राहून तिरकं समोरून पाहिलं, तर गुडघा जवळ आणि कंबर लांब असते. वरून पाहताना लांबची गोष्ट वर दिसते, त्यामुळे चांगले रेप कापले जातात. तिरकं मागून पाहिलं की उलट होतं आणि अर्धे रेप मोजले जातात. म्हणून बरोबर बाजूला, वजनाचा बार पडला तरी लागणार नाही इतक्या अंतरावर राहा. एक गुडघा टेकून बसा, म्हणजे डोळे खाली, स्पर्धकाच्या गुडघ्याच्या उंचीच्या जवळ येतात. एकदा बसलात की फोन, घड्याळ, ओळखीची माणसं, कशाकडेही नजर वळवायची नाही.

आकडा रेप पूर्ण झाल्यावरच मोठ्याने म्हणा. स्पर्धक वर येत असतानाच ‘सात’ म्हणून मोकळं झालात आणि गुडघे किंवा कंबर सरळ झालीच नाही, तर तो आकडा मागे घेणं अवघड जातं. चूक दिसली की पुढचा रेप सुरू होण्याआधी ‘नो रेप’ म्हणा, हाताने खूण करा, कारण एका शब्दात सांगा (‘खोली’, ‘कंबर’, ‘हनुवटी’) आणि शेवटचा मान्य आकडा पुन्हा म्हणा. सेट संपल्यावर ‘त्यातले चार धरले नाहीत’ असं कधीही सांगू नये. स्पर्धकाला चूक सुधारायची संधीच मिळत नाही, आणि हा सर्वांत मोठा अन्याय आहे. तसंच पहिले दहा रेप सैल सोडून अकराव्यापासून कडक होऊ नका. पहिल्याच रेपला नियम लावलात तर बहुतेक स्पर्धक दुसऱ्या-तिसऱ्या रेपपासून स्वतःच नीट करू लागतात.

प्रश्न : माझे पुलअप्स कापले गेले. शेजारच्या लेनमध्ये मात्र हनुवटी बारच्या खाली असतानाही मोजले जात होते, आणि तिथला जज त्या स्पर्धकाच्याच जिममधला होता. दाद कुठे मागायची?

उत्तर : हीट (एका वेळी उतरलेल्या स्पर्धकांची पाळी) चालू असताना वाद घालू नका. त्यात वेळ तुमचाच जातो. संपल्यावर स्कोअरकार्डवर सही करण्याआधी हेड जजला गाठा. स्वतःच्या रेप्सबद्दल नेमकं बोला: कोणत्या फेरीत, कोणती हालचाल, जजने काय कारण दिलं. शेजारच्या लेनची तक्रारही करा, पण वेगळी. दुसऱ्याचे चुकीचे रेप मोजले गेले म्हणून तुमचे कापलेले रेप परत मिळत नाहीत, आणि मिळूही नयेत.

खरा उपाय आयोजकांच्या हातात आहे. कुणी कुणाला जज करायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं, एकाच जिमची जोडी आली तर चिठ्ठी बदलावी आणि दर हीटला जजची लेन बदलावी. स्पर्धेआधी सगळ्या जजना एकत्र बसवून एकाने मुद्दाम चांगले-वाईट रेप मिसळून करून दाखवावेत, बाकीच्यांनी एकाच वेळी हात वर करून निर्णय द्यावा. मतं फुटतात तिथेच नियमाचं लेखन कच्चं असतं. पुलअपचंच पाहा: ‘हनुवटी बारवर’ एवढंच लिहिलं तर मान मागे टाकून हनुवटी वर काढणाऱ्याचं काय करायचं? आणि खाली हात पूर्ण सरळ हवेत, हे बहुतेक वेळा लिहायचं राहूनच जातं.

साहित्यातही अन्याय लपलेला असतो. प्लेट्सवर छापलेल्या वजनावर विसंबू नका, प्रत्येक प्लेट काट्यावर तोलून घ्या. वॉलबॉलची (जड चेंडू भिंतीवरच्या खुणेपर्यंत फेकण्याचा व्यायाम) 3.05 मीटरची रेषा स्पर्धक जिथे उभा राहतो त्या पृष्ठभागापासून मोजा. एका लेनमध्ये जाड रबरी मॅट आणि दुसरीत उघडी फरशी असेल, तर मॅटवरच्याला लक्ष्य मॅटच्या जाडीइतकं जवळ मिळतं.

प्रश्न : ऑनलाइन फेरीसाठी व्हिडिओ पाठवायचा आहे. कॅमेरा कुठे ठेवू?

उत्तर : बाजूला, स्टँडवर, गुडघा ते कंबर या उंचीवर. जमिनीवर तिरका समोर ठेवलेला फोन कंबर आहे त्यापेक्षा खाली दाखवतो, त्यामुळे तपासणारा अशा व्हिडिओकडे संशयानेच पाहतो. वाइड अँगल वापरू नका. सुरुवातीला प्लेट्सचे आकडे, बॉक्सची किंवा रेषेची उंची टेप लावून दाखवा. चालू घड्याळ फ्रेममध्ये ठेवा आणि मधे कुठेही न कापता एकाच शॉटमध्ये शेवटपर्यंत घ्या. बार, पाय आणि डोकं पूर्ण वेळ दिसतं आहे ना, हे दोन रेप आधी रेकॉर्ड करून पाहा.

प्रश्न : जुन्या फ्रॅक्चरमुळे माझं एक कोपर पूर्ण सरळ होत नाही. डोक्यावर बार नेण्याचे सगळे रेप कापले जातील का?

उत्तर : आधी सांगितलंत तर तसं होण्याचं कारण नाही. हीटच्या आधी हेड जज आणि तुमचा जज, दोघांनाही रिकाम्या हाताने तुमचं कोपर जास्तीत जास्त किती सरळ होतं ते दाखवा. मान्यता मिळाली की स्कोअरकार्डवर तशी नोंद करून घ्या. मग तुमच्यासाठी लॉकआउट (सांधे पूर्ण सरळ होण्याची शेवटची स्थिती) म्हणजे तीच स्थिती. गुडघे, कंबर आणि दुसरं कोपर मात्र पूर्ण सरळ लागेल. नो रेप मिळाल्यावर हे सांगायला गेलात तर जज ते ऐकून घेऊ शकत नाही.

प्रश्न : डबल अंडर (एका उडीत दोरी पायांखालून दोनदा फिरवणं) इतक्या वेगात होतात की मोजताना चुकायला होतं. काही युक्ती?

उत्तर : दोरीकडे पाहू नका, ती दिसत नाही. पायांकडे पाहा आणि उड्या मोजा. दोरीचा आवाज जमिनीवर प्रत्येक उडीत दोनदा यायला हवा. एकच आला, किंवा दोरी अडली, तर ती उडी सोडून द्या. प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणायला गेलात तर जीभ मागे पडते, म्हणून मनात मोजून दर दहाला मोठ्याने सांगा आणि स्पर्धक थांबला की लगेच चालू आकडा बोला. हाती क्लिकर (बटण दाबून आकडा मोजायचं छोटं यंत्र) असेल तर उत्तम, पण त्याची सवय आधी सरावात करून घ्या.