कायदा असूनही गावचं वाचनालय पैशाला का अडतं?

तुमचे प्रश्न दोन: ग्रंथालयांसाठी राज्याचा कायदा असताना गावची वाचनालयं कायम तंगीत का, आणि मोठ्या ग्रंथालयातलं पुस्तक गावात मागवता येतं का? मी एका ‘ड’ वर्ग, म्हणजे सरकारी वर्गवारीतल्या सर्वांत खालच्या वर्गाच्या, वाचनालयाचं काम पाहतो, त्यावरून सांगतो.

आपल्या महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय कर नाही. मद्रासने 1948 च्या कायद्यातच घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर, म्हणजे ग्रंथालयांसाठीचा जादा कर, ठेवला. कर्नाटकने 1965 च्या कायद्यात उपकर ठेवला. गोव्याने तर मद्यावर अधिभार लावला! आपल्याकडे सगळी भिस्त अर्थसंकल्पातून मिळणाऱ्या अनुदानावर, त्यामुळे वाढ हवी की निवेदनं आणि मोर्चे. 2012 नंतरची वाढ मंजूर व्हायला 2022 उजाडलं. ती होती 60 टक्के, म्हणजे ‘ड’ वर्गाचे वर्षाला 30,000 चे 48,000 झाले. त्यातले निम्मे पगाराला, म्हणजे त्या वाढीनंतर ग्रंथपालाच्या हातात महिन्याला 2,000 रुपये आले. एवढ्यावर रोज संध्याकाळी कुलूप उघडणारी माणसं आहेत, म्हणून ही वाचनालयं चालू आहेत. अनुदान येतं हप्त्यांनी आणि पेपरचं बिल येतं दर महिन्याला. माझं स्पष्ट मत आहे की घरपट्टीत थोडा ग्रंथालय कर असायलाच हवा.

पुस्तकांच्या देवघेवीचं दुखणं वेगळं आहे. 1940 च्या सुमारास मुंबई सरकारने नेमलेल्या फैजी समितीने मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावापर्यंत ग्रंथालयांची साखळी सुचवली होती. प्रत्यक्षात अनुदान ठरतं वर्गावर, आणि वर्ग ठरतो तुमची ग्रंथसंख्या, तुमचे सभासद, तुमची वर्तमानपत्रं यांवर. शेजारच्या गावाला पुस्तकं दिली म्हणून वर्ग वाढत नाही. उलट एखादं हरवलं, तर तपासणीच्या वेळी दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली वही) पुढ्यात ठेवून उत्तर द्यावं लागतं ते देणाऱ्यालाच. मग कोण कशाला देईल? तालुक्यात त्याच चार कादंबऱ्या प्रत्येक कपाटात, आणि स्पर्धा परीक्षेचं महागडं पुस्तक एकाकडेही नाही, हे त्यामुळेच.

तरी वाट निघते. आम्ही तालुक्याच्या ग्रंथालयाशी बोललो, दोन्ही कार्यकारिणींनी ठराव केले, आणि आता पुस्तकांची पेटी ठरावीक मुदतीने अदलाबदल होते. तुम्हीही सचिवांना भेटून हेच सुचवा. यादीवर दोन्ही ग्रंथपालांच्या सह्या घ्या, आणि संदर्भग्रंथ पेटीत घालू नका.