कानाच्या पडद्याला कूर्चेचं ठिगळ

प्रश्न : माझ्या आईच्या (वय ५२) उजव्या कानाचं पडद्याचं ऑपरेशन झालं होतं. पडदा आत ओढला गेला आणि पुन्हा भोक पडलं. आता डॉक्टर तिच्याच कानाची कूर्चा (लवचिक, मऊ हाड) लावू म्हणतात. एवढ्या जाड कूर्चेतून ऐकू येईल का? कान विद्रूप दिसेल का?
– एक वाचक, रावेर

उत्तर : पहिल्या वेळी बहुधा कानशिलाच्या स्नायूवरचं पातळ आवरण लावलं असेल. बहुतेकांना ते पुरतं. पण नाकामागून कानात येणारी नळी नीट उघडत नसेल, तर पडद्यामागे हवेचा दाब कमी होतो आणि मऊ ठिगळ आत खेचलं जातं. कूर्चा ताठ असते आणि तिला रक्तपुरवठाही फारसा लागत नाही. त्यामुळे दुसऱ्या ऑपरेशनला तुमच्या डॉक्टरांचा सल्ला योग्यच आहे.

जाडीची शंका रास्त आहे. पडदा जेमतेम ०.१ मिमी, तर कानाच्या तोंडाशी असलेल्या उंचवट्याची कूर्चा साधारण १ मिमी. म्हणून ती तासून अर्ध्या मिमीपर्यंत आणतात. तेवढी पातळ केली की ऐकू येण्यात सहसा फरक पडत नाही. पडद्याला आतून चिकटलेल्या हातोडीच्या आकाराच्या हाडासाठी तिला खाच पाडतात. खाच कमी पडली तर ठिगळ तिरकं बसतं. भोकाची कड खरवडणं तर फारच महत्त्वाचं. कडेची त्वचा आत दुमडून राहिली, तर ठिगळामागे हाड पोखरणारी गाठ वाढू शकते, आणि कूर्चेतून आरपार दिसत नसल्याने ती उशिरा लक्षात येते. म्हणून बरं वाटलं तरी तपासणी चुकवू नका.

त्या उंचवट्याला छेद आतल्या बाजूने घेतात आणि टोकाची २ मिमी कूर्चा तशीच ठेवतात, त्यामुळे कानाचा आकार बिघडत नाही.

ऑपरेशनआधी ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) बघाच. हवेतून आणि हाडातून ऐकण्यात ४० डेसिबलहून जास्त फरक असेल, तर कानातल्या हाडांची साखळीही तुटलेली असू शकते. मग नुसता पडदा बसवून भागत नाही.

नंतर काही आठवडे कान बंद वाटेल, कारण आत विरघळणारा स्पंज भरलेला असतो. घाबरू नका. नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडून द्यायची, अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस. लसणाचं कोमट तेल मात्र एक थेंबही नको, ठणका लागला तरी. विहिरीत, तापीत डुबकी डॉक्टर सांगेपर्यंत बंद. चक्कर, तोंड वाकडं होणं किंवा घाण वासाचा पू दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.